एफपीएस लिमिट किती ठेवायचं? आकडा मिलिसेकंदात शोधा

पीसीवरच्या जवळपास प्रत्येक गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये एक ओळ असते, कुठे मॅक्स फ्रेम रेट, कुठे फ्रेम रेट लिमिट, कुठे नुसतं एफपीएस कॅप. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा, आणि ही ओळ त्याला वरची मर्यादा घालते. बहुतेक जण तिथे अनलिमिटेड करून टाकतात आणि परत त्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. एवढे पैसे मोजून ग्राफिक्स कार्ड घेतलंय तर ते पूर्ण पळालंच पाहिजे, असा साधा हिशोब असतो. मग शॅडो हाय ठेवू की मीडियम, टेक्स्चर अल्ट्रावर चालतील का, यात तासन्‌तास जातात आणि ज्या एका सेटिंगने गेम हाताला खरोखर गुळगुळीत लागू शकतो ती तशीच पडून राहते. माझं स्पष्ट मत आहे की मध्यम बजेटचा पीसी किंवा लॅपटॉप असेल तर फुकटातली सगळ्यात कामाची सेटिंग हीच. फक्त आकडा नीट काढायला हवा, आणि तो एफपीएसमध्ये विचार करून सापडत नाही, मिलिसेकंदात विचार केला की पटकन सापडतो.

म्हणजे कसं, तर ६० एफपीएस म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, गाडी किती वळली हे सीपीयू ठरवतो, ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं, आणि दोघांपैकी जो हळू त्याच्या वेगाने गेम चालतो. ३० एफपीएसला एका चित्रामागे ३३.३ मिलिसेकंद मिळतात, १२० ला ८.३, १४४ ला ६.९, २४० ला ४.२. आता यातला फरक बघा, ३० वरून ६० वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळजवळ १७ मिलिसेकंद वाचतात, ६० वरून १२० ला गेलात की ८ च्या वर थोडे, आणि १४४ वरून २४० ला एवढी मोठी उडी मारली तरी वाचतात पावणेतीनच. म्हणूनच ३० आणि ६० मधला फरक कोणालाही दाखवा, लगेच कळतो, आणि १४४ पुढचा फरक सांगायला सराव लागतो. एफपीएसचा आकडा जसा वर जातो तसा त्यातून मिळणारा फायदा बारीक होत जातो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

लिमिट लावलं की होतं एवढंच की फ्रेम लवकर तयार झाली तरी गेम आपली वेळ येईपर्यंत थांबतो. ६० चं लिमिट असेल आणि फ्रेम ११ मिलिसेकंदात झाली, तर उरलेले साडेपाचच्या वर थोडे मिलिसेकंद कार्ड आराम करतं, मग पुढची फ्रेम. उलट फ्रेमला २२ मिलिसेकंद लागले तर लिमिट काही करू शकत नाही, ते फक्त वरून अडवतं, खालून उचलत नाही.

मग अडवून फायदा काय? तर डोळ्याला सरासरी दिसत नाही, दोन चित्रांमधलं अंतर दिसतं. स्टँडवर तासाला सहा एसटी आहेत असा बोर्ड आहे, पण तीन एकामागोमाग आल्या आणि नंतर पाऊण तास काहीच नाही, तर त्या सहाच्या आकड्याचा थांबलेल्या माणसाला उपयोग शून्य. कोपऱ्यात ८० एफपीएस लिहिलेलं असतं ते असंच. एक फ्रेम ९ मिलिसेकंदात, पुढची २०, पुढची ८, मग १४, सरासरी छान दिसते पण कॅमेरा फिरवला की झटके जाणवतात. हेच ६० ला बांधलं आणि प्रत्येक फ्रेम १६.७ वर आली की आकडा कमी होऊनही गेम जास्त स्मूद वाटतो.

भाच्याच्या लॅपटॉपवर हे अगदी समोर बघितलं. उन्हाळ्यात जळगावला गेलो होतो, तो म्हणाला, "मामा, ८० दाखवतंय तरी गेम अडकतोय, ग्राफिक्स लोवर करून पण तेच." आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि एफपीएसऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले त्याचा, ग्राफ स्क्रीनवर आणला. रानात फिरताना रेघ १० च्या आसपास, शहरात शिरलं की १५, वळताना २० च्या पुढे, आणि लगेच परत खाली, करवतीच्या दातांसारखी. वर दुपारचं ऊन, लॅपटॉप गादीवर, तापून कार्डाने स्वतःच वेग कमी केला की ती रेघ अजून वर. लॅपटॉप टेबलावर घेतला, लिमिट ६० केलं, दोन-तीन मिनिटांत पंख्याचा आवाज उतरला आणि रेघ एखादी उचकी सोडली तर सपाट झाली. तापणं कमी झाल्यामुळे आधी जे १५-२० जायचं तेही बरंचसं १६ च्या आत राहायला लागलं, कारण सतत पूर्ण ताकदीने पळणाऱ्या कार्डाला वेळ आली की वाढायला जागाच नसते, आणि थोडं राखून चालणाऱ्याला असते. म्हणून फ्रेमटाइमचा ग्राफ चालू करायला शिका, नुसत्या एफपीएसच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, प्रत्येक अडकणं लिमिटने जात नाही. नवीन जागेत गेल्यावर पहिल्यांदाच इफेक्ट दिसला आणि गेम क्षणभर थबकला तर तो शेडर, म्हणजे तो इफेक्ट रंगवायचा कार्डासाठीचा छोटा प्रोग्रॅम, तयार होण्याचा वेळ असतो, आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर डेटा वेळेवर येत नाही म्हणून थबकतो. हे दोन्ही झटके लिमिट कितीही ठेवलं तरी येणार.

आता मॉनिटर. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी वरून खाली नवीन चित्र काढतो, तुमचं कार्ड तयार असो नसो. चित्र काढणं अर्ध्यावर असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली की वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नवीन, मधे आडवी चीर, हेच टेअरिंग. व्ही-सिंक चालू केलं की कार्ड मॉनिटरच्या पाळीची वाट बघतं, चीर जाते, पण एक पाळी हुकली की थेट पुढची, म्हणजे १६.७ ऐवजी ३३.३. त्यामुळे ५० एफपीएस निघणारा गेम ६० हर्ट्झवर व्ही-सिंक लावून खेळलात तर काही चित्रं एकदा दिसतात काही दोनदा, आणि चालताना सगळं हलकंसं हिसकत राहतं, काही गेममध्ये तर सरळ ३० वर आपटतं. नुसतं लिमिट लावून टेअरिंग जात नाही हेही लक्षात घ्या, ६० हर्ट्झवर ६० चं लिमिट लावलं आणि व्ही-सिंक बंद असेल तर ती चीर उलट एकाच जागी हळूहळू सरकत राहते आणि जास्त खुपते.

म्हणून साध्या, फिक्स हर्ट्झच्या मॉनिटरला नियम एकच, लिमिट असं घ्यायचं की हर्ट्झला पूर्ण भाग जाईल. १४४ हर्ट्झ असेल तर ७२ किंवा ४८, १२० असेल तर ६० किंवा ४०, हल्लीच्या लॅपटॉपवर १६५ असतं तिथे ५५. आणि सोबत व्ही-सिंक चालू. मग प्रत्येक चित्र अगदी सारखा वेळ स्क्रीनवर राहतं.

या सगळ्यात माझा आवडता आकडा ४०. ऐकायला तो ३० च्या जवळचा वाटतो, पण मिलिसेकंदात मांडा, ३० म्हणजे ३३.३, ६० म्हणजे १६.७, आणि ४० म्हणजे २५, बरोबर मधोमध! म्हणजे ३० वरून ६० पर्यंतचा अर्धा फायदा फक्त दहा एफपीएसमध्ये मिळतो. ज्या कार्डाला जड गेममध्ये ६० झेपत नाही आणि ३० वर खेळणारा वैतागतो, त्याच्यासाठी ४० हे उत्तर आहे, अट एवढीच की मॉनिटर १२० हर्ट्झचा हवा, कारण ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही. व्हॉल्व्ह कंपनीने हे ओळखलं होतं, त्यांच्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या पीसीचा पडदा ६० हर्ट्झचाच होता पण २०२२ च्या अपडेटमध्ये तो थेट ४० हर्ट्झवर चालवायची सोय दिली, आणि बॅटरीवर खेळणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली.

मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकवाला असेल तर भागाकाराची कटकट नाही. इथे मॉनिटर कार्डासाठी थांबतो, फ्रेम आली की चित्र काढतो, त्यामुळे ७३ असो की ९१, सगळं नीट दिसतं. पण याला वरची आणि खालची मर्यादा असते. १४४ च्या मॉनिटरवर गेम १५० ला गेला की हे तंत्र सुटतं, मग एकतर टेअरिंग परत येतं नाहीतर व्ही-सिंक चालू असेल तर वाट बघणं परत येतं. म्हणून लिमिट हर्ट्झपेक्षा थोडं खाली, १४४ ला १४१ असं ठेवतात. बरोबर १४४ का नाही, तर कोणतंही लिमिट काट्यावर चालत नाही, एखादी फ्रेम ६.९ ऐवजी ६.७ मध्ये सुटते आणि तेवढ्यात मर्यादा ओलांडली जाते. कार्डवाल्या एनव्हिडियाचं रिफ्लेक्स (क्लिक केल्यापासून दिसेपर्यंतचा उशीर कमी करणारी सोय), जी-सिंक आणि व्ही-सिंक तिन्ही चालू असेल तर गेम आपोआप १३८ ला अडकलेला दिसतो, लोक घाबरून विचारतात कार्ड खराब झालं का, तर नाही, ते मुद्दाम केलेलं आहे. खालची मर्यादा बऱ्याच मॉनिटरची ४८ असते, त्याखाली गेल्यावर चांगला मॉनिटर तेच चित्र दोनदा दाखवून वेळ निभावतो.

आता काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटसारखे गोळीबाराचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचा प्रश्न, की लिमिट लावलं की माऊस जड होतो, मग कशाला लावायचं? यात अर्धं खरं आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सुद्धा २०० एफपीएस निघत असतील तर स्क्रीनवर दिसणारी फ्रेम जास्त ताजी असते, टेअरिंग सोसायची तयारी असेल तर या गेममध्ये ६० ला बांधून घेणं चूक. पण बेलगाम सोडणंही चूक. कार्ड ९९ टक्क्यांवर गेलं की सीपीयू पुढच्या फ्रेम तयार करून रांगेत लावत बसतो, तुम्ही क्लिक केलं ते रांगेतल्या शेवटच्या फ्रेममध्ये जातं, आणि त्याच्या आधीच्या फ्रेम उरकेपर्यंत गोळी सुटलेली दिसत नाही. लिमिट असं लावलं की कार्ड ९०-९५ टक्क्यांवर राहील, तर ही रांगच लागत नाही आणि हाताला गेम हलका लागतो, आकडा खाली येऊनसुद्धा. रिफ्लेक्स २०२० मध्ये आलं तेही मुळात हेच काम करतं, ज्या गेममध्ये असेल तिथे चालू ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मुळातलं लिमिट ४०० असतं आणि गेमच्या आतल्या कमांड लिहायच्या कन्सोलमध्ये शून्य टाकलं की लिमिट निघतं, पण तुमचा पीसी धुरात आणि ग्रेनेडच्या गर्दीत २३० ला येत असेल तर २२५ ला बांधून खेळून बघा, शांत वेळी ३५० आणि फाइटमध्ये २३० असं झालं की नेम बिघडतो, हात त्या एका लयीला सरावलेला असतो.

लिमिट लावायचं कुठे, हाही गोंधळ असतो. पहिली पसंती गेमच्या आतलं, कारण गेम आधी थांबतो आणि मग तुमचा माऊस वाचतो, त्यामुळे उशीर सगळ्यात कमी. गेममध्ये सोय नसेल किंवा ३०, ६०, १२० एवढेच पर्याय असतील तर ड्रायव्हर, म्हणजे कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, जानेवारी २०२० च्या ड्रायव्हरपासून. एएमडीकडे फ्रेम रेट टार्गेट कंट्रोल आणि रेडिऑन चिल, चिलमध्ये कमीतकमी आणि जास्तीतजास्त दोन्ही आकडे सारखे टाकले की तो सरळ लिमिटर म्हणून चालतो. आणि तिसरं रिवाट्यूनर, आफ्टरबर्नरबरोबर येतं ते. उघडायचं, अधिक चिन्ह दाबून गेमची एक्झी फाइल जोडायची, फ्रेमरेट लिमिटच्या चौकोनात आकडा टाकायचा, एंटर, झालं. फ्रेमटाइमची सगळ्यात सरळ रेघ बहुतेक वेळा याचीच येते, गेमच्या आतल्यापेक्षा उशीर किंचित जास्त, त्यामुळे गोष्टीवाले सिंगल प्लेअर गेम असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन. काही ऑनलाइन गेमची अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारी यंत्रणा, असल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरला अडवते, तिथे गेमच्या आतलंच वापरा. आणि काही झालं तरी एकाच जागी लावा, गेममध्ये ६०, ड्रायव्हरमध्ये ६० आणि वर रिवाट्यूनरमध्ये पण ६० असं केलं की तिघं आपापल्या घड्याळाने थांबवतात आणि रेघ परत वाकडी होते.

रेघ सरळ ठेवणं वाटतं तेवढं सोपं काम नाही बरं का. विंडोजचा टायमर मुळात १५.६ मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालतो, म्हणजे जवळपास एक अख्खी फ्रेम! "मला ५ मिलिसेकंदांनी उठव" असं त्याला सांगितलं तर तो वेळेवर उठवेल याची खात्री नाही. त्यामुळे चांगला लिमिटर टायमर बारीक करून घेतो आणि शेवटचा थोडा वेळ न झोपता घड्याळाकडे बघत बसतो. ज्या गेममध्ये हे केलेलं नसतं तिथे आतलं लिमिट लावूनही गेम हिसकतो, मग बाहेरचं वापरायचं.

आकडा काढायची पद्धत एवढीच, गेममधली सगळ्यात जड जागा शोधा, गर्दीचं शहर, पाऊस, मोठी लढाई, लिमिट काढून तिथे दहा मिनिटं खेळा म्हणजे मशीन पूर्ण तापेल, आणि एफपीएस कुठपर्यंत खाली येतात ते बघा. थंड मशीनवर पहिल्या मिनिटाला दिसलेला आकडा धरू नका, विदर्भातल्या मे महिन्यात तर अजिबात नाही. समजा ५२ पर्यंत येतात, तर १४४ च्या साध्या मॉनिटरवर ४८, फ्रीसिंक असेल तर ५० च्या आसपास. हे कमी वाटलं तर शॅडो किंवा रिझोल्यूशन खाली करून आधी जड जागेचा आकडा वाढवा, मग लिमिट वाढवा.

मेनूला लिमिट लावायला विसरू नका. मेनूत रंगवायला जवळपास काही नसतं म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो, कधी हजारांच्या वर फ्रेम काढत बसतं, तेव्हाच कार्डातून येणारी बारीक शिट्टीसारखी कुरकुर पण ऐकू येते. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा मेनूत कार्डं तापायच्या तक्रारी आल्या आणि ब्लिझार्डला सांगावं लागलं की अमुक फाइलमध्ये गेमला ६० आणि मेनूला ३० चं लिमिट लिहा. २०२१ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटात (चाचणी आवृत्तीत) काही आरटीएक्स ३०९० कार्डं चक्क मेली, ती बनवणाऱ्या ईव्हीजीएने ती बदलून दिली आणि दोष आपल्या काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये होता असं नंतर सांगितलं, अ‍ॅमेझॉननेही मेनूला लिमिट लावणारा पॅच दिला. धडधाकट कार्ड गेममुळे मरत नाही, पण थांबलेल्या मेनूसाठी एवढी वीज आणि उष्णता खर्च करण्यात काहीच अर्थ नाही. व्हॅलोरंटमध्ये मेनूसाठी, बॅकग्राउंडसाठी, बॅटरीसाठी वेगवेगळी लिमिटं आहेत, सगळ्या गेमनी असंच द्यायला पाहिजे.

जुन्या गेममध्ये मात्र लिमिट काढणं थेट धोक्याचं, कारण तिथे गेमचं घड्याळच फ्रेमवर चालतं. आपल्याकडे सायबर कॅफेत सॅन अँड्रियास खेळून मोठ्या झालेल्यांना डिस्प्ले सेटिंगमधलं फ्रेम लिमिटर आठवत असेल. ते बंद केलं की चित्र स्मूद व्हायचं खरं, पण गेमचा नायक सीजे, त्याचं पोहणं एकदम मंद व्हायचं, मिशन अडकलं की लोक त्या गेमला शिव्या घालायचे, तर ते परत ऑन करणं एवढंच औषध होतं. स्कायरिम २०११ चा, त्याचं फिजिक्स ६० धरून केलेलं, त्याच्या बरंच वर गेलात की घरात शिरताच ताटल्या-बादल्या उडायला लागतात आणि सुरुवातीची ती बैलगाडीसारखी गाडी रस्त्यावर थयथयाट करते, त्याला ६० वरच ठेवा. डार्क सोल्स २ च्या पीसी आवृत्तीत ६० एफपीएसला शस्त्रं ३० च्या दुप्पट वेगाने झिजायची, २०१५ मध्ये पॅच आला तेव्हा थांबलं.

सगळ्यात सुंदर प्रकरण क्वेक ३ चं, १९९९ चा गेम. त्याचं इंजिन वेळ पूर्ण मिलिसेकंदात मोजतं आणि प्रत्येक फ्रेमला वेग पूर्णांकात आणतं. १२५ एफपीएस म्हणजे फ्रेमला बरोबर ८ मिलिसेकंद, आणि तिथे ते राउंडिंग खेळाडूच्या बाजूने पडतं, उडी किंचित उंच जाते. काही उड्या ६० वर जमायच्याच नाहीत आणि १२५ वर आरामात जमायच्या, म्हणून जगभरचे क्वेकवाले लिमिट १२५ लावून खेळायचे. त्याच इंजिनच्या वंशातल्या कॉल ऑफ ड्यूटी ४ मध्येही हाच प्रकार चालायचा.

एल्डन रिंगसारखा २०२२ चा गेमही ६० वर बांधलेला आहे. तो मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेला बदल, टाकून सोडवता येतो, पण त्यासाठी अँटी-चीट बंद करावी लागते, म्हणजे ऑनलाइन खेळणं गेलं, आणि त्या मॉडसकट चुकून ऑनलाइन गेलात तर बॅन होऊ शकतो, त्यामुळे मित्रांबरोबर खेळणार असाल तर ६० वरच समाधान माना.

आणि लॅपटॉपवाल्यांसाठी एक, चार्जर काढला की गेम एकदम ३० ला येतो असं होत असेल तर ड्रायव्हर काढून परत टाकायच्या आधी बॅटरी बूस्ट चालू आहे का ते बघा. एनव्हिडियाच्या लॅपटॉपवर ते बॅटरीवर गेलं की स्वतःच लिमिट लावतं, आणि आकडा तिथेच बदलता येतो. लाइट गेल्यावर अर्धा तास जास्त खेळायचं असेल तर ते राहू द्या.